तिचं अजून झालेलं नाही

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, साठ मीटर उंचीवरून, कमरेला पट्टा असल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढं वाकून.

तुझी प्रकृती कशी आहे? हे वाक्य मी दर पत्रात दुसऱ्या ओळीला लिहितो, तू उत्तरात "बरी आहे, तपासण्या चालू असतात" असं लिहितेस, मग कसल्या तपासण्या हे मी विचारत नाही आणि तू सांगत नाहीस, असा आपला सुखाचा पत्रव्यवहार आहे. या खेपेला मात्र जरा सविस्तर कळव. निदान तू आहेस, चालतीबोलती आहेस आणि गेले काही आठवडे तुझ्या स्वतःच्याच घरी राहते आहेस, एवढं तरी नक्की कळव. (असं का विचारतो ते पुढे येईलच. घाबरू नकोस. घाबरण्याचं काम आम्ही घरात वाटून घेतलं आहे. मी घरी नसताना तुझी भावजय घाबरते, मी आलो की मी.)

हे पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितो आहे. काँक्रीटची गाडी वाटेत कुठेतरी अडकली आहे, वॉकीटॉकीवर मुकादम "पाच मिनिटं" म्हणाला त्याला दीड तास झाला, आणि माझा हूक रिकामाच लोंबतो आहे. इथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, म्हणून तर तुझ्या भाचीचं नाव मुंगी पडलं. तिच्याविषयी घरात बसून लिहायची सोय नाही, कारण ती शेजारी उभी राहून काय लिहितोस म्हणून विचारते, आणि खोटं सांगितलं तर तिला कळतं. तिला फारच कळायला लागलं आहे. आजचा विषय तोच आहे.

तर मुंगी साडेचार वर्षांची झाली आणि दहा महिन्यांत चौथ्यांदा लघवीच्या संसर्गाने आजारी पडली. पहिल्या वेळी आम्हाला काही उमगलंच नाही. ताप एकशे तीन, अंगाला थरकाप, पण सर्दी नाही, खोकला नाही, घसा स्वच्छ. शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी दात येत असतील म्हणून सांगितलं (दात येऊन तीन वर्षं झाली). माझ्या सासूबाईंनी फोनवरून चष्मा लागत असेल असं निदान केलं (त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात नंबर काढते, त्यामुळे त्यांच्या मते सगळे आजार डोळ्यांतूनच आत शिरतात). मी सरळ हवेवर ढकललं. शेवटी मुलांच्या डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला, लघवी तपासली का, आणि आम्ही नवराबायको शाळेत गृहपाठ विसरल्यासारखे एकमेकांकडे बघत बसलो.

लघवी तपासायची म्हणजे आधी ती मिळवायला हवी, आणि तीही मधली. सुरुवातीची थोडी सोडून द्यायची, शेवटची घ्यायची नाही, मधली धार तेवढी बाटलीत धरायची आणि बाटलीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. मी रोज गजांचा दोन टनांचा भारा सोळाव्या मजल्यावर वीतभर जागेत अलगद ठेवतो, तेव्हा हे काम मोठ्या ऐटीत अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी मी बाटली धरून चाळीस मिनिटं उकिडवा बसलो, तुझी भावजय नळ सोडून शीळ घालत होती, आणि मुंगीने अखेर माझ्या गालावरून हात फिरवून विचारलं की बाबा, तुला लागली आहे का, लाजू नको. दुसऱ्या दिवशी मधली धार मिळाली, पण बाहीत. तिसऱ्या दिवशीची बाटली मी छातीशी धरून लॅबमध्ये पोचवली, तर दोन दिवसांनी रिपोर्टात पाच जातींचे जंतू निघाले. लॅबवाला फार सभ्य माणूस. त्याने मला बाजूला नेऊन हळूच सांगितलं की एवढी मंडळी मुलीची नसावीत, ती बहुधा तुमच्या हाताची आहेत. आता चौथ्या खेपेला आम्ही इतके तरबेज झालो आहोत की घरात कुणीही नळ सोडला की माझा हात आपोआप पुढे होतो.

चेष्टा पुरे. चौथ्या वेळी डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्या म्हणाल्या की हा संसर्ग वर किडनीपर्यंत जातो आणि दरवेळी तिथे एक वण ठेवून येतो, आणि तो वण पुन्हा भरत नाही. सोनोग्राफीत मुंगीची डावी किडनी उजवीपेक्षा जरा लहान दिसते. काही मुलांत म्हणे जन्मतःच खोट असते, लघवी खाली जायची ती थोडी उलटी वर जाते. ते बघायला नळी घालून, औषध सोडून फोटो काढावे लागतात, आणि साडेचार वर्षांच्या पोरीला त्या टेबलावर धरून ठेवावं लागतं. ही खोट घराण्यात चालते, म्हणून त्यांनी विचारलं की आईवडील, त्यांची भावंडं, कुणाला लहानपणी असा ताप, लघवीचा त्रास, किडनीचं काही? असेल तर तपासणी या आठवड्यातच करू, नसेल तर तीन महिने सवयी सुधारून बघू. फॉर्मवर त्याचा रकानाच आहे. मी त्यात ठळक अक्षरात "नाही" लिहिलं, आणि वर आमचं घराणं पोलादी आहे असंही म्हणालो. पोलादी हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

मग सवयींकडे गाडी वळली. मुलगी लघवी दाबून धरते का, या प्रश्नावर आम्ही दोघांनी एकदमच फरशी न्याहाळायला सुरुवात केली. ताई, तू आपल्या घरात वाढली आहेस, तुला वेगळं काय सांगायचं. वडील लांबच्या पल्ल्याची बस चालवायचे आणि मुक्काम आल्याशिवाय उतरायचं नाही हा त्यांचा कायदा होता. बसमध्ये चाळीस प्रवासी खिडकीतून केविलवाणे बघत असायचे आणि वडील ताठ बसून सात सात तास गाडी हाकायचे. घरी सुद्धा दम धरणाऱ्याला शाबासकी, मधेच उठणाऱ्याला पाणीपिऊ म्हणून टोमणा. मीही हाच वसा पुढे चालवला. क्रेनची शिडी उतरायला वीस मिनिटं आणि चढायला तीस, तेव्हा दम धरणं हीच माझी नोकरी. मग मुलीलाही हेच शिकवलं. बाहेर गेलो की घर येईपर्यंत धरलं तर एक टिकली. तुझ्या भावजयीने दुकानातून चष्म्यांवर लावायच्या रंगीत गोल टिकल्या आणल्या होत्या, त्या आम्ही फ्रिजवर ओळीने चिकटवायचो. एकतीस झाल्या होत्या, ताई. एकतीस वेळा आम्ही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मी त्या दिवशी घरी येऊन टिकल्या नखाने खरवडून काढल्या, आणि तेव्हा जे रडू आलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नवा कायदा असा की दर दोन तासांनी घड्याळ वाजेल, लागली असो वा नसो, मुंगीने जाऊन बसायचं, पायाखाली स्टूल, घाई नाही, एकदा झालं की जरा थांबून पुन्हा एकदा. भरपूर पाणी. पुसायचं ते पुढून मागे. टिकली आता गेल्याबद्दल. मुंगीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी थांबलं की टिकली, आता गेलं की टिकली, तर तुम्ही दोघं एकदा नीट ठरवा, असं आम्हाला सुनावलं. पण ऐकायला लागली. घड्याळ वाजलं की बाथरूमच्या दारापर्यंत जायची, दार लोटायची, आत बघायची, आणि तशीच परत यायची.

"तिचं अजून झालेलं नाही," असं म्हणायची.

तिचं म्हणजे कुणाचं, तर बादलीवरच्या मुलीचं. पहिल्यांदा आम्ही हसलो. एकुलत्या एक मुलांना असे मित्रमैत्रिणी असतात म्हणे. तुझ्या भावजयीच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाला अदृश्य घोडा आहे. मी मुंगीला म्हणालो की तिला सांग, जरा सरक. तर म्हणाली, तसं नसतं, ती मोठी आहे, मोठ्याचा नंबर आधी. ताई, हा नियम तिला कुणी सांगितला? तो आपल्या घरात होता, तुझा आधी, मग माझा, तुला वेळ लागायचा आणि मी बाहेर दारावर तबला वाजवत बसायचो. मुंगीला तर भावंडंच नाहीत. तिला कशाला लागतो नंबराचा नियम?

त्यानंतर माहिती हप्त्याहप्त्याने येऊ लागली. मुलगी उलट्या बादलीवर बसते. पोटाशी हात घट्ट धरते. तिला शू लागते पण येत नाही, आली की दुखते, म्हणून ती थांबून राहते. परकराचं बटण तुटलंय, तिथे पिन लावली आहे. ती भिंतीवर रेघा काढते, कपडे धुण्याच्या मशीनच्या मागे. आणि तिच्या कपाळावरचे केस डावीकडे आखूड आहेत, उजवीकडे लांब. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी दाढी करत होतो, ते ब्लेड खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ते केस मी कापले होते. वडिलांच्या मिशीच्या कात्रीने, तू आठ वर्षांची असताना. आईला त्याची इतकी शरम वाटली की त्या वर्षभरात तुझा एकही फोटो काढू दिला नाही. म्हणजे मुंगीने फोटोत पाहिलं असेल म्हणावं, तर फोटोच नाही.

तुझी भावजय दिवसभर लोकांना दिसतंय का, आता दिसतंय का असं विचारून कमावते, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही. तिचं म्हणणं, तूच कधीतरी बोलला असशील. नसेन बोललो, असं मी सांगितलं. पण गंमत अशी, की बादली रोज सकाळी उलटी असते. मी झोपताना सुलटी ठेवतो, तिच्यात पाणी सुद्धा भरून ठेवतो, आणि सकाळी ती कोरडी ठणठणीत, पालथी. मुंगीला ती भरलेली बादली हलत नाही. आठवडाभर मी तुझ्या भावजयीवर आणि तिने माझ्यावर पाळत ठेवली, आणि दोघंही निर्दोष सुटलो. मग मी शक्कल लढवली आणि बादली उचलून माळ्यावर टाकली, म्हटलं बसायला जागाच नको. दुसऱ्या दिवशी घड्याळ वाजलं, मुंगी दारापर्यंत गेली आणि ओठ काढून रडत आली. म्हणाली, ती आता फरशीवर बसली आहे, फरशी ओली आहे, तिला थंडी वाजते आहे. ताई, मी शिडी लावली आणि बादली खाली आणली. पुसून पालथी ठेवली. एक टॉवेल घडी करून तिच्यावर घातला. हे करताना माझी बायको दारात उभी होती, आणि ती हसली नाही.

त्या दिवसापासून घरात सगळे बाथरूमच्या दारावर टकटक करून आत जातात. मी एक्केचाळीस वर्षांचा इसम, स्वतःच्या बाथरूमला टकटक करतो, क्षणभर थांबतो, घसा खाकरतो. सासूबाई राहायला आल्या होत्या, त्यांना वाटलं जावई फार सुधारला.

हे सगळं एक वेळ पोरीच्या तापलेल्या डोक्याचे खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण मागच्या बुधवारी प्लंबर आला. फ्लश गळत होता. मुंगी बालवाडीत, तुझी भावजय दुकानात, घरात मी एकटा, सुट्टीवर. भर सकाळ, साडेदहा. प्लंबर हा कामाला दांडगा आणि तोंडाचा मोकळा माणूस. पिशवी घेऊन आत गेला आणि लगेच पाऊल मागे घेऊन, दार हळूच ओढून बाहेर आला.

"मुलीचं होऊ दे आधी," तो म्हणाला. "मी बसतो."

आणि बसला, ताई. हॉलमध्ये खुर्चीवर, पिशवी मांडीवर, पंधरा मिनिटं. आत कुणी नाही असं सांगायचं सोडून मी त्याला चहा दिला. तो आपल्या सुनेच्या बाळंतपणाचं सांगत होता, मी हो हो करत होतो, आणि आमचे दोघांचेही कान तिकडे. शेवटी तो म्हणाला की लेक फार वेळ घेते, डॉक्टरला दाखवा, दुखत असेल पोरीला. मग मीच उठलो, टकटक केली, दार लोटलं. बादली, टॉवेल, बाकी काही नाही. प्लंबरने आत जाऊन काम केलं. मुलगी कुठून बाहेर गेली, हे त्याने विचारलं नाही, आणि पुढच्या वेळी मीही त्याला बोलावणार नाही. पण नळाची जोडणी बघायला त्याने मशीन पुढे ओढलं. त्यामागे, बसलेल्या मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर, भिंतीत रेघा आहेत. पिनेने ओरखडलेल्या, उभ्या, सरळ, ओळीने. मशीन तिथे आम्ही लग्नाच्या वर्षी ठेवलं. मुंगी तिच्या जन्मात त्यामागे डोकावलेली नाही. मी त्या मोजल्या नाहीत. मोजायला बसलो होतो, पण अर्ध्यात डोळ्यांना दिसेना.

तेव्हा ताई, स्पष्टच लिहितो. आमच्या बाथरूममध्ये तू आहेस. मेलेल्या माणसांचं काय काय ऐकलं आहे, पण जिवंत, नोकरीला असलेली, वेळेवर पत्राला उत्तर देणारी बाई आठ वर्षांची होऊन भावाच्या घरी बादलीवर बसते, हे मी कुठे ऐकलेलं नाही, त्यामुळे यावर काय उपाय असतो हेही माहीत नाही. म्हणून तू आहेस ना, असं सुरुवातीला विचारलं. वडील गेले तेव्हा तू तीन दिवस आली होतीस, आणि त्या तीन दिवसांत एकदाही आपल्या घरच्या या बाथरूममध्ये पाऊल टाकलं नाहीस, शेजारच्या काकूंकडे जात होतीस, हे मी तेव्हा पाहिलं होतं. तेव्हा म्हटलं, शहरात राहून नखरे वाढले.

ती दुपार तुलाही आठवत असेल. आईवडील बाहेर गेले होते. तू आत गेलीस, वाऱ्याने दार आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. जुनी ढिली कडी, पडायचीच ती. मी खाली खेळत होतो, मला काही ऐकू आलं नाही. दिवेलागणीला आई आली तेव्हा तुला बाहेर काढलं. पुढे तू बरेच दिवस मामाकडे राहायला गेलीस. एवढीच गोष्ट. घरात सगळ्यांना ती अशीच माहीत आहे, आणि एवढ्यावरून कुणी पस्तीस वर्षं बादलीवर बसत नाही, असं माझं तुला नम्रपणे सांगणं आहे.

गाडी आली वाटतं, मुकादम शिव्या द्यायला लागला आहे. भाऊजींना नमस्कार. मुंगी सध्या गोळ्याऔषधावर बरी आहे, पण दोन तासांचं घड्याळ वाया जातं आहे, ती अजूनही दारातून परत येते आणि दिवसातून दोनदाच कशीबशी जाते, तेही बालवाडीत. असंच चाललं तर पाचवा ताप फार दूर नाही. तुला सुचेल ते कळव. तुझी प्रकृती जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे ठेवली. तू मामाकडे नव्हतीस. मला तेव्हाही माहीत होतं, कारण मामा रोज सकाळी आपल्याच घरी डबा न्यायला यायचा. तू बारा दिवस दवाखान्यात होतीस, अंगात ताप होता, आणि आई स्वयंपाकघरात किडनी हा शब्द हळू आवाजात म्हणायची. मी सहा वर्षांचा होतो, बहिरा नव्हतो. तरी डॉक्टरबाईंच्या फॉर्मवर मी "नाही" लिहिलं, कारण "आहे" लिहिलं असतं तर कधी, कसं, काय झालं होतं हे सांगावं लागलं असतं. त्या एका शब्दामुळे मुंगीची तपासणी तीन महिने पुढे गेली आहे, त्यातले पाच आठवडे संपले. पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. ताई, तुला नेमकं काय झालं होतं? कुठल्या बाजूची किडनी? आणि त्या कायम चालू असणाऱ्या तपासण्या कसल्या आहेत? जुने कागद असतील तर त्यांचे फोटो काढून पाठव. मी उद्या सकाळी कामावर जायच्या आधी डॉक्टरबाईंकडे जाऊन तो रकाना खोडणार आहे. त्या जे बोलतील ते ऐकून घेणार आहे.

ता. क. दुसरा. हे आता घरी बसून लिहितो आहे. पाकिटावर पत्ता घालत होतो तर मुंगी आली आणि कुणाला पत्र म्हणून विचारलं. आत्याला, असं सांगितलं. तुझ्याविषयी तिला आम्ही काही बोललेलो नाही, आत्या लांब राहते एवढंच. ती पाकिटाकडे बघत राहिली, आणि मग अगदी सहज म्हणाली:

"ती म्हणते, बाबा 'आलोच' म्हणाला होता."

ताई, हा शब्द जगात दोनच माणसांना माहीत आहे. वर जे लिहिलं आहे ते खोटं आहे. वारा नव्हता, कडी पडली नाही. तू फार वेळ लावलास म्हणून मी चिडून ती लावली. तू आतून टकटक केलीस, दोनदा, हळू, आणि उघड म्हणालीस. मी म्हणालो आलोच, आणि खाली खेळायला गेलो, आणि मला सगळं आठवत होतं. खेळताना सुद्धा आठवत होतं. तू मोठ्यांना कधी सांगितलं नाहीस की कडी मी लावली. का नाही सांगितलंस?

आता हे लिहून झाल्यावर मी बाथरूमपाशी गेलो. दार उघडंच होतं. आत बादली, तिच्यावर टॉवेल. मी त्या बादलीला, म्हणजे तुला, जे सांगायचं ते सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती, तिने भांडी घासायची थांबवली होती. तेवढ्यात दोन तासांचं घड्याळ वाजलं. मुंगी माझ्या बाजूने आत गेली, स्टुलावर पाय ठेवून बसली, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी बाहेर उभा राहून पूर्ण धार ऐकली, सुरुवातीची, मधली आणि शेवटची. हात पुढे केला नाही. बाहेर येऊन मुंगीने हात धुतले आणि मला सांगितलं की बादलीवरच्या मुलीने तिला आधी जाऊ दिलं. मी विचारलं, आणि ती? तर म्हणाली, ती बसली आहे अजून.

पत्र पोचायला आठ दिवस लागतील. मी आत्ता फोन करतो आहे. ताई, उचल.